प्रोग्रामिंग कम्युनिटीने चर्चेची जुनी जागा सोडावी का? तयारीपासून स्थलांतरापर्यंत

१९ मे २०२१ रोजी फ्रीनोड या आयआरसी (इंटरनेटवरच्या गटगप्पांची जुनी पद्धत) नेटवर्कचे बहुतेक स्वयंसेवक एकाच वेळी बाहेर पडले. नेटवर्कवर आपलं नियंत्रण उरलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच दिवशी त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं आणि पुढच्या काही दिवसांत उबुंटू, फेडोरा, विकिमीडिया यांच्यासारखे मोठे प्रकल्प तिकडे गेले. आठवड्याभरातच फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने सुमारे ७०० चॅनल स्वतःच्या ताब्यात घेतले. ज्यांच्या विषयओळीत ‘लिबेरा’चा उल्लेख होता, ते एका स्वयंचलित मोहिमेत सापडले. जूनमध्ये नोंदवलेल्या नावांचा आणि चॅनलांचा जुना डेटाबेसही टाकून देण्यात आला.

ज्या प्रकल्पांच्या वेबसाइटवर ‘आम्ही इथे बोलतो’ असं एक पान होतं, त्यांना त्या पानावरची एक ओळ बदलून भागवता आलं. ज्यांचा एकमेव पत्ता ते चॅनलच होतं, त्यांना आपल्याच लोकांना निरोप द्यायला जागा राहिली नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: सोडण्याची तयारी आणि सोडण्याचा निर्णय ही दोन वेगळी कामं आहेत. तयारी प्रत्येक कम्युनिटीने आजच करावी, निर्णयाला वेळ लागला तरी हरकत नाही.

एखाद्या लायब्ररीचा डिस्कॉर्ड सर्व्हर, एखाद्या भाषेचा टेलिग्राम ग्रुप, पुण्या-नागपुरातल्या मीटअपचा स्लॅक किंवा कॉलेजच्या कोडिंग क्लबचा वॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पहिली पायरी: नेमकं काय खुपतंय ते कागदावर आणा

‘इथे आता मजा राहिली नाही’ ही तक्रार उपयोगाची नाही. मॉडरेटरांनी एकत्र बसून गेल्या तीन महिन्यांतले ठोस प्रसंग लिहावेत आणि प्रत्येकाचं कारण शोधावं. बहुतेक तक्रारींमागे पुढच्या चारपैकी एक कारण असतं.

पहिलं, पैसा किंवा मर्यादा. २०१५ मध्ये रिॲक्ट ही वेब-लायब्ररी वापरणाऱ्यांचा रिॲक्टिफ्लक्स हा समूह काही हजारांवर पोचला आणि स्लॅकवर नवीन माणसांना आमंत्रण देणंच बंद झालं. तो समूह डिस्कॉर्डवर गेला, कारण दुसरा मार्गच नव्हता. १ सप्टेंबर २०२२ पासून स्लॅकच्या मोफत योजनेत फक्त गेल्या ९० दिवसांचे मेसेज दिसू लागले. २०२४ मध्ये त्यापुढचं पाऊल पडलं: मोफत योजनेतला एक वर्षाहून जुना मजकूर पुसला जाऊ लागला. २०२५ च्या जूनमध्ये कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या प्रकल्पाच्या प्रचंड समूहालाही, स्लॅकची सवलत संपते आहे, असं अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीवर कळवण्यात आलं. तो निर्णय नंतर फिरला, पण मधले दिवस तिथल्या स्वयंसेवकांनी धावपळीत काढले.

दुसरं, मालकाने नियम बदलणं. फ्रीनोड हे त्याचं उदाहरण, आणि २०२३ मधलं रेडिटही. तिसरं, ज्ञान हरवणं: तोच प्रश्न दर आठवड्याला नव्याने विचारला जातो, कारण आधीचं उत्तर कुणाला सापडत नाही. डिस्कॉर्डमधला मजकूर सर्च इंजिनला दिसत नाही, वॉट्सॲपमधला तर नवीन आलेल्या सदस्यालाही आपोआप दिसत नाही.

चौथं कारण म्हणजे आपसातली भांडणं, उद्धट उत्तरं आणि थकलेले मॉडरेटर. तुमचं दुखणं हे असेल तर इथेच थांबा. तीच माणसं त्याच सवयी घेऊन नव्या जागी येतील. आधी आचारसंहिता लिहा, दोन मॉडरेटर वाढवा आणि ज्याला आवरायला हवं त्याला आवरा. जागा बदलण्याचा विचार त्यानंतर.

दुसरी पायरी: बॅकअप, पत्ता आणि किल्ल्या

जायचं नाही असं ठरलं तरी ही पायरी वगळू नका. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर काढून टाकणार, असं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं तेव्हा लोकांच्या हातात दोन महिनेही नव्हते. मुदत थोडी वाढली, पण वर्षानुवर्षांच्या चर्चा कायमच्या गेल्या. १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच बंद झाली.

बॅकअप कसा मिळतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. सगळ्यात सोपं टेलिग्राम: डेस्कटॉप ॲपमधून ग्रुपचा इतिहास एचटीएमएल (वेबपान) किंवा जेसन (प्रोग्रामला वाचता येणारी फाइल) या रूपात उतरवता येतो. स्लॅकमध्ये ॲडमिनला सार्वजनिक चॅनलांचा एक्स्पोर्ट मिळतो, मात्र त्यात फाइली नसतात, फाइलींच्या फक्त लिंका असतात. त्या वेगळ्या उतरवाव्या लागतात. वॉट्सॲपच्या ‘एक्स्पोर्ट चॅट’ला मर्यादा आहे: फोटो-फाइलींसह १०,००० आणि त्यांच्याशिवाय ४०,००० मेसेज. शिवाय एक्स्पोर्ट करणारा ग्रुपमध्ये आल्यानंतरचाच इतिहास मिळतो, म्हणून हे काम सर्वात जुन्या सदस्याकडे द्या.

डिस्कॉर्डवर पूर्ण सर्व्हर उतरवण्याची अधिकृत सोयच नाही. बाहेरची साधनं आहेत, पण ती चालवताना एक काळजी घ्या. स्वतःच्या खात्याचा टोकन (लॉगिनची गुप्त किल्ली) वापरून मेसेज उतरवणं नियमात बसत नाही आणि खातं बंद होऊ शकतं. सर्व्हरवर स्वतंत्र बॉट (प्रोग्रामने चालणारं खातं) जोडा, त्याला वाचण्यापुरती परवानगी द्या आणि त्या बॉटच्या टोकनने काम करा. एक्स्पोर्ट करतानाच चित्रं आणि फाइली उतरवून घ्या. डिस्कॉर्डबाहेर नेलेल्या फाइलींच्या लिंका आता सुमारे एका दिवसात निकामी होतात. नुसता मजकूर ठेवलात तर ‘हा स्क्रीनशॉट पाहा’ या वाक्यापुढे काहीच राहणार नाही.

रेडिटवर एपीआयमधून (प्रोग्रामला माहिती घेता येते ते दार) कुठल्याही यादीतल्या साधारण १,००० नोंदींपलीकडे जाता येत नाही. तिथल्या जुन्या कट्ट्यांचा (विषयवार गटांचा, ज्यांना सबरेडिट म्हणतात) बॅकअप म्हणूनच अवघड आहे, आणि तो थोडा थोडा पण नियमित घ्यावा लागतो.

बॅकअप उतरला की तो दुसऱ्या संगणकावर उघडा. जुना एखादा प्रश्न शोधा, उत्तरं क्रमाने दिसतात का, देवनागरी अक्षरं नीट आली आहेत का, कोडचे तुकडे शाबूत आहेत का ते तपासा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

आता पत्ता. कम्युनिटीचं स्वतःचं डोमेन घ्या. तिथे एकच पान पुरतं: आम्ही कोण, सध्या कुठे बोलतो, आचारसंहिता काय. प्रकल्पाच्या रीडमी (ओळख करून देणाऱ्या) फाइलीत, पॅकेजच्या पानावर, यूट्यूब व्हिडिओंच्या खाली आणि मीटअपच्या स्लाइडवर डिस्कॉर्डची आमंत्रण-लिंक न देता या पानाची लिंक द्या. उद्या काहीही झालं तरी ही एक लिंक तुमच्या हातात राहते. सोबत ईमेलची एक यादी सुरू करा, ज्यात लोक आपणहून नाव देतील. वर्षातून दोन पत्रं गेली तरी पुरे, संकटाच्या दिवशी तीच कामाला येते.

किल्ल्यांचा प्रश्न मात्र नाजूक असतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? सर्व्हरचा मालक म्हणून नोंदलेलं खातं कुणाचं? तो माणूस नोकरी बदलून वर्षभर गायब झाला तर? कमीत कमी दोघांकडे प्रवेश हवा, दोघांनाही टू-फॅक्टर लॉगिन हवं आणि रिकव्हरी कोड छापून ठेवलेले हवेत. डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण दोघांच्या कॅलेंडरमध्ये असू द्या.

तिसरी पायरी: उत्तरं देणारी माणसं मोजा

बहुतेक चर्चा सदस्यसंख्येवर अडकते. पाच हजार सदस्य सोडून कसं जायचं, असा प्रश्न येतो. पण प्रोग्रामरांची कम्युनिटी पाच हजारांवर चालत नाही. ती चालते न कंटाळता उत्तरं देणाऱ्या दहा-वीस माणसांवर. बॅकअप हातात असेल तर गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं, हे छोट्या स्क्रिप्टने निघतं. त्या यादीतल्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला, शक्यतो फोनवर. ‘आपण हललो तर तुम्ही याल का, आणि न येण्याचं कारण काय असेल?’ एवढंच विचारा. ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर विचारलंत तर आवाज मोठा असणाऱ्यांचंच उत्तर मिळेल.

निम्म्याहून जास्त लोक नको म्हणाले तर जाऊ नका. कारण कितीही न्याय्य असलं तरी जाऊ नका. २०२३ मध्ये रेडिटने एपीआयचे नवे दर लावले. अपोलो या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर लागतील असा हिशोब मांडला आणि ३० जूनला ॲप बंद केलं. १२ ते १४ जूनच्या दरम्यान ८,००० हून अधिक सबरेडिट निषेधासाठी बंद राहिले. त्यानंतर, कट्टे बंदच ठेवले तर मॉडरेटर बदलले जातील, असा इशारा कंपनीकडून आला आणि बहुतेक कट्टे उघडले. लेमी या रेडिटसारख्या मुक्तस्रोत मंचावर प्रोग्रामरांसाठी नवी जागा उभी राहिली, ती आजही चालते, पण प्रोग्रामिंगचे मोठे कट्टे रेडिटवरच आहेत. निषेध खरा होता, कारणं खरी होती. मात्र जायचं कुठे हे आधी ठरलेलं नव्हतं, आणि उत्तरं देणारे एका जागी गेले नाहीत.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटचं उदाहरण याहून शिकवणारं आहे. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन तो दुसरीकडे नेता येतो. २०१९ मध्ये एका मॉडरेटरला हटवण्यावरून मोठा वाद झाला, अनेक मॉडरेटरांनी राजीनामे दिले आणि त्यातून कोडिडॅक्ट हा मुक्तस्रोत पर्याय जन्मला. परवाना होता, सॉफ्टवेअर होतं, कळकळही होती. तरी स्टॅक ओव्हरफ्लो त्यामुळे रिकामं झालं नाही. मजकूर हलवता येतो, माणसं स्वतःच्या पायांनी यावी लागतात.

चौथी पायरी: आधी गरजा, मग नावं

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१९ मध्ये आपलं आयआरसी सोडायचं ठरवलं, तेव्हा आधी गरजा जाहीरपणे मांडल्या: छळ थांबवता यायला हवा, ओळख पटायला हवी, नव्याला आत येणं सोपं हवं, अपंग व्यक्तींनाही वापरता यायला हवं. मग मॅटरमोस्ट, मॅट्रिक्स, रॉकेट चॅट आणि स्लॅक असे चॅटचे चार पर्याय लोकांना प्रत्यक्ष वापरायला दिले. डिसेंबरमध्ये मॅट्रिक्सची निवड जाहीर झाली आणि २ मार्च २०२० ला जुना सर्व्हर बंद झाला. एवढ्या मोठ्या संस्थेने केलं म्हणून नव्हे, तर हा क्रम बरोबर आहे म्हणून तो उचलावा.

पहिली गरज ठरवताना एकच प्रश्न विचारा: आपल्याला गप्पा हव्यात की उत्तरं साठवायची आहेत? गप्पांसाठी डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स, आयआरसी चांगले. साठवणीसाठी डिस्कोर्स हे फोरमचं सॉफ्टवेअर आज सर्वाधिक मुरलेलं आहे. ज्युलिया, स्विफ्ट, पायथन, एलएलव्हीएम यांच्या चर्चा तिथे चालतात, आणि मुंबईच्या फ्रॅपेचा, म्हणजे ईआरपीनेक्स्ट बनवणाऱ्यांचा फोरमही त्यावरच आहे. दोन्हींच्या मध्ये झुलिप आहे, जिथे संवाद विषयवार मांडले जातात. गणिती सिद्धता तपासणाऱ्या लीन या भाषेचे गणिती २०१८ मध्ये गिटर या चॅट सेवेवरून तिथे गेले आणि त्यांच्या जुन्या चर्चा वेबवर वाचता येतात. स्लॅकचा एक्स्पोर्ट झुलिपमध्ये आयात करण्याचं साधनही तयार आहे. गिटहब डिस्कशन्स छोट्या लायब्ररीसाठी सोयीचं आहे, कारण वापरणाऱ्यांची खाती आधीच असतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की कोड आणि चर्चा दोन्ही एकाच कंपनीच्या दारात जाऊन बसतात.

आपल्याकडच्या काही गरजा परदेशी तुलनांमध्ये सापडत नाहीत. तुमचे किती सदस्य फक्त मोबाइलवर आहेत? त्यांच्या साध्या फोनवर, मर्यादित डेटावर नवी जागा उघडून पाहा. देवनागरीत शोध चालतो का, ‘त्रुटी’ आणि ‘एरर’ दोन्ही टाकून बघा. वॉट्सॲप ग्रुप असेल तर १,०२४ सदस्यांची मर्यादा आहेच, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी लोकांकडून मेसेज येऊ लागले की मुली प्रश्न विचारणं थांबवतात आणि मग गुपचूप ग्रुप सोडतात. माझ्या मते एवढं एक कारणच वॉट्सॲप सोडायला पुरेसं आहे.

स्वतः होस्ट करायचं असेल तर खर्च सर्व्हरचा कमी आणि माणसाचा जास्त असतो. डिस्कोर्स १ जीबी रॅमवर स्वॅप (डिस्कवरची जोड-मेमरी) जोडून उभं राहतं, झुलिपला २ जीबी लागते. त्रास होतो तो ईमेलचा. नोंदणीची पत्रं स्पॅममध्ये गेली की लोक आत येऊच शकत नाहीत, म्हणून ईमेल पाठवणारी चांगली सेवा पहिल्या दिवसापासून जोडा. अपडेट करायला दोन माणसं कायम उपलब्ध नसतील तर होस्ट केलेली सेवाच घ्या. मुक्तस्रोत प्रकल्पांना डिस्कोर्स आणि झुलिप दोघेही मोफत किंवा सवलतीत जागा देतात, आधी अर्ज करून पाहा.

पाचवी पायरी: एक कोपरा हलवून पाहा

सगळं एकदम उचलू नका. पायथनच्या मुख्य विकासकांनी २०१८ मध्ये डिस्कोर्स सुरू केलं आणि मुख्य चर्चेची जुनी ईमेल यादी तिकडे गेली ती २०२२ मध्ये. तुम्हाला चार वर्षं थांबायची गरज नाही, सहा-आठ आठवडे पुरतात. फक्त ‘मदत हवी’ हा विभाग नव्या जागी न्या आणि जुन्या जागी तो चॅनल बंद ठेवा. दोन्हीकडे उघडा राहिला तर प्रयोगातून काहीच कळणार नाही.

मोजायच्या गोष्टी तीन: किती प्रश्नांना उत्तर मिळालं, पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला आणि मॉडरेटर नसलेल्या किती जणांनी उत्तर दिलं. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

सहावी पायरी: निर्णय

सरसकट मतदान घेऊ नका. महिन्यातून एकदा डोकावणाऱ्याचं मत आणि रोज उत्तरं देणाऱ्याचं मत इथे सारखं धरता येत नाही. दोन पानांचा प्रस्ताव लिहा: अडचण, पाहिलेले पर्याय, प्रयोगाचे आकडे, खर्च, जबाबदार माणसं. तो दोन आठवडे सगळ्यांसाठी खुला ठेवा, आलेल्या प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्या आणि मग सांभाळणाऱ्यांनी ठरवावं.

उत्तर ‘जा’ किंवा ‘राहा’ एवढंच असायला हवं असं नाही. माझ्या पाहण्यात मधला मार्ग बहुतेकांना मानवतो: गप्पा आहेत तिथेच राहू द्या, प्रश्नोत्तरं आणि निर्णय स्वतःच्या डोमेनवरच्या फोरमवर न्या. त्याला एक नियम मात्र कडक लागतो. चॅटमध्ये चांगलं उत्तर मिळालं की विचारणाऱ्यानेच ते फोरमवर लिहायचं, आणि प्रकल्पाचा कुठलाही निर्णय चॅटमध्ये घ्यायचा नाही.

सातवी पायरी: हलवणूक

घोषणा करण्याआधी नव्या जागी प्रकल्पाचं नाव, सगळ्या मॉडरेटरांची नावं आणि जवळपासची फसवी नावं नोंदवून ठेवा. घोषणा झाल्यावर तुमच्या नावाने दुसराच कुणीतरी ग्रुप उघडू शकतो.

रिकाम्या फोरमवर कुणी पहिला प्रश्न विचारत नाही. जुन्या चर्चांतली पन्नासेक सर्वोत्तम उत्तरं निवडा, लिहिणाऱ्याला विचारा आणि त्याच्या नावाने, नीटनेटकी करून आधीच टाका. सगळा इतिहास यंत्राने ओतण्यापेक्षा हे बरं, कारण गप्पांतल्या ‘हो’, ‘धन्यवाद’ आणि जुन्या आवृत्त्यांच्या उत्तरांच्या ढिगात शोध निरुपयोगी होतो. खासगी चॅनलांतलं काहीही हलवायचं नाही. सदस्यांचे ईमेल किंवा फोन नंबर घेऊन परस्पर त्यांची खातीही उघडू नका. भारतात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीवर उभा आहे, आणि कायदा नसता तरी हे वागणं बरोबर ठरलं नसतं.

बॉट, सीआयच्या (कोडच्या आपोआप चाचण्यांच्या) सूचना, वेबहुक (एका सेवेकडून दुसरीकडे आपोआप जाणारे निरोप) यांची यादी करून एकेक हलवा. दोन्ही जागा जोडणारा ब्रिज लावायचा असेल तर काढण्याची तारीख ठरवूनच लावा. मॅट्रिक्स आणि लिबेरा चॅट यांच्यातला मोठा ब्रिज २०२३ मध्ये बंद झाला आणि त्यावर विसंबलेल्या चॅनलांना नव्याने जुळवाजुळव करावी लागली.

दिवस निवडताना परीक्षा, दिवाळी आणि प्रकल्पाच्या मोठ्या रिलीजचे आठवडे टाळा. पहिल्या पंधरवड्यात दिवसातून ठरलेल्या वेळी कुणीतरी मॉडरेटर नव्या जागी हजर असेल, असं वेळापत्रक लावा.

आठवी पायरी: जुनी जागा

ती पुसू नका. लिहिणं बंद करा, वाचणं चालू ठेवा, सर्वात वर नव्या पत्त्याचा मेसेज पिन करा आणि मालकाचं खातं जिवंत ठेवा. अनेक ब्लॉगांत, अभ्यासक्रमांत, जुन्या उत्तरांत त्या लिंका वर्षानुवर्षं राहणार आहेत. गिटर २०२३ मध्ये मॅट्रिक्सवर गेलं तेव्हा जुने मेसेज सोबत नेले गेले. तुम्हाला तेवढं जमणार नसेल, तर सार्वजनिक चॅनलांचा बॅकअप साध्या एचटीएमएल पानांच्या रूपात स्वतःच्या डोमेनवर ठेवा. स्लॅकच्या मोफत योजनेवर असाल तर हे काम लांबवू नका, तिथला इतिहास आपोआप नाहीसा होतो.

सहा महिन्यांनी पाचव्या पायरीचे तीन आकडे पुन्हा काढा. प्रश्न कमी झाले असतील तर घाबरू नका, कदाचित लोकांना जुनी उत्तरं सापडत आहेत. सर्च इंजिनमधून येणाऱ्यांची संख्या पाहिली की ते कळेल. पण तिसऱ्या पायरीतल्या यादीतली निम्मी माणसं दिसेनाशी झाली असतील, तर त्यांना पुन्हा फोन करा, काय अडतंय ते विचारा आणि उत्तर ‘ही जागा जमत नाही’ असं आलं तर जुन्या जागेचं लिहिणं परत सुरू करा.